अर्ज की मानपत्र?

विद्यार्थिमित्रहो, आम्ही पडलो कला शाखेचे पदवीधर. पदार्थविज्ञानाशी असलेले आमचे नाते शालान्त परीक्षेबरोबरच संपुष्टात आले. असे असूनही गेल्या पावसाळ्यात एका विज्ञानसंस्थेकडे करावयाच्या अर्जास आमचा हात लागला, त्याची ही हकीकत.

आमचे शेजारी निपाणीत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना पदार्थविज्ञान शिकवतात. पुण्याच्या आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्रात, म्हणजेच ‘आयुका’त, अभ्यागत सहयोगी म्हणून जावे, असे त्यांच्या मनात फार दिवसांपासून होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८८ साली स्थापन केलेल्या या केंद्राचे संस्थापक-संचालक डॉ. जयंत नारळीकर. त्यांचा जन्म १९३८ सालचा, आणि तोही आमच्या जवळच्याच कोल्हापुरातला. २०२५ साली ते निवर्तले. परंतु विद्यापीठांतील व महाविद्यालयांतील अध्यापकांसाठी केंद्राने घातलेली वाट मोकळीच आहे. आपली नोकरी न सोडता तीन वर्षांच्या मुदतीत अध्यापकाने तेथे अधूनमधून जाऊन राहावे, ग्रंथालय वापरावे, संशोधन करावे आणि मिळवलेले ज्ञान घेऊन आपल्या विद्यार्थ्यांकडे परतावे, अशी ती योजना.

दार उघडे होते. शेजाऱ्यांचे पाऊल मात्र उंबरठ्याशी अडत होते. “आमच्याकडे ना दुर्बीण, ना प्रयोगशाळा. आम्हांला कोण विचारतो?” असे म्हणण्यात त्यांची पाच वर्षे गेली. अखेरीस एके संध्याकाळी ते कच्चा मसुदा घेऊन आले. “मास्तर, तुमची भाषा चांगली. जरा सजवून द्या.”

घरी कोकणी आणि वर्गात मराठी बोलणाऱ्या आम्हांस आपल्या भाषेचा अभिमान अंमळ जास्तच. ‘ज्ञानाचे निस्सीम उपासक’, ‘विद्यार्थिप्रिय’, ‘सीमाभागाचे भूषण’ अशी विशेषणे आम्ही सढळ हाताने पेरली. शेजाऱ्यांनी ती वाचली आणि ते मोठ्याने हसले. “काय हो मास्तर, हा अर्ज की मानपत्र?”

आम्ही ओशाळलो. मग, आधी विचारावयास हवा होता तो प्रश्न विचारला: “तुम्हांला तेथे जाऊन करावयाचे काय आहे?”

त्यानंतर अर्धा तास ते बोलत होते. काही तारे जोडीने राहतात; त्यांतील एक दुसऱ्याचा वायू ओढून घेतो; तो वायू तापून क्ष-किरण बाहेर पडतात आणि त्यांचे तेज सारखे कमीजास्त होते. ते तसे का होते, हे त्यांना शोधावयाचे होते. भारताने २८ सप्टेंबर २०१५ रोजी अवकाशात सोडलेल्या ‘ॲस्ट्रोसॅट’ने अशा ताऱ्यांच्या नोंदी केल्या आहेत आणि अभ्यासकांना त्या पाहता येतात. म्हणजे स्वतःची दुर्बीण नसली तरी चालते. हवा असतो तो जाणत्यांचा सहवास. बोलता बोलता त्यांचा चहा निवून गेला.

आम्ही विशेषणे खोडली आणि तेवढेच लिहिले. तेव्हा त्यांनीच एक गोष्ट सांगितली. १९२४ साली ढाक्याच्या सत्येंद्रनाथ बोस यांनी ओळखदेख नसताना आपला लेख आइन्स्टाइनकडे पाठविला. आइन्स्टाइनने तो स्वतः जर्मन भाषेत उतरवून प्रसिद्ध करविला. पुढे त्यांच्या एका पोस्टकार्डाच्या बळावर बोसांना परदेशी अभ्यासासाठी रजाही मिळाली. त्या पत्रामागे शिफारस कोणाचीच नव्हती. होता तो केवळ विचार.

अर्ज रवाना झाला. उत्तर अजून यावयाचे आहे. ते नकाराचे आले तर पुढील वर्षी पुन्हा लिहीन, असे शेजारी म्हणतात. पाच वर्षे जे धैर्य होत नव्हते, ते आपला प्रश्न कागदावर उतरताच त्यांना लाभले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

आमच्यापुरते म्हणाल, तर तुमच्या निबंधाच्या वहीत ‘भाषा सुंदर’ असा शेरा मारण्यापूर्वी आम्ही आता थोडे थांबतो आणि लिहिणाऱ्याला म्हणावयाचे काय होते, ते आधी शोधतो.