पदवी आणि नेमणूक यांमधली वर्षं

मुंबई विद्यापीठाची पदवी घेतलेल्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांना 1933 साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेनं प्रवेश नाकारला, तो त्या मुलगी आहेत म्हणून. संचालक होते सी. व्ही. रामन. कमलाबाई मागे हटल्या नाहीत, तेव्हा वर्षभर पारखून मगच नियमित विद्यार्थिनी मानू, अशा अटीवर त्यांना घेतलं गेलं. 1939 मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. तो नकार उघड होता, म्हणून त्याच्याशी उघड भांडता आलं. आजचा नकार कुणी तोंडावर देत नाही. तो सेवाशर्तींत मुरलेला असतो, आणि विद्यापीठांतल्या समानतेचं खरं काम आता तिथेच आहे असं मला वाटतं.

केंद्र सरकारच्या उच्चशिक्षण सर्वेक्षणानुसार 2021-22 मध्ये देशातल्या 4.33 कोटी विद्यार्थ्यांपैकी 2.07 कोटी मुली होत्या. अध्यापकांमध्ये मात्र दर 100 पुरुषांमागे 77 स्त्रिया. आजच्या मुली उद्या प्राध्यापक होतील आणि हे अंतर आपोआप मिटेल, असं अनेकांना मनापासून वाटतं. मला ते पटत नाही, कारण मधली वर्षं कशी जातात याकडे त्यात दुर्लक्ष होतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनी पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांना दोन वर्षांची जादा मुदत आणि 240 दिवसांपर्यंत रजा दिली. कायम प्राध्यापिकेलाही पगारी प्रसूती रजा आहे. या दोन टोकांच्या मध्ये महाराष्ट्रात उभी आहे ती तासिका तत्त्वावर शिकवणारी बाई. कायम पदांची भरती वर्षानुवर्षं रखडलेली, मानधन घेतलेल्या तासांचं, आणि पुढच्या सत्रात काम मिळेलच याची खात्री नाही. लग्न आणि बाळंतपण नेमकं याच वर्षांत येतं. शिवाय 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा रोजचा सरासरी वेळ 299 मिनिटं निघाला, पुरुषांचा 97. संशोधनाचे लेख लिहायचे ते उरलेल्या वेळात, आणि निवडप्रक्रियेत त्या लेखांचेही गुण.

तासिका तत्त्व पुरुषांनाही पिळतं, हा आक्षेप खरा आहे. ती पद्धत दोघांसाठीही संपायला हवी. पण तोवर तिचा भार सारखा वाटला जात नाही, आणि स्त्रियांमध्येही सारखा नाही. घरात आधीपासून प्राध्यापकी किंवा शेतीबाहेरचं बरं उत्पन्न असेल तर कायम नेमणुकीची वाट पाहता येते. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या आदिवासी घरातून पहिल्यांदाच एम.ए. झालेल्या मुलीला ती चैन परवडत नाही. विविधतेचे ठराव संमत करणाऱ्या संस्थांनी कोण आत आलं याबरोबर कोण मध्येच सोडून गेलं याचीही नोंद ठेवावी.

गुणवत्ता खालावेल, ही भीती प्रत्येक बदलाच्या वेळी पुढे येते. आयआयटींचा अनुभव इथे पाहण्यासारखा आहे. 2016 मध्ये तिथल्या प्रवेशांत मुली सुमारे 8 टक्के होत्या. 2018 पासून त्यांच्यासाठी जादा जागा निर्माण केल्या गेल्या आणि दोन वर्षांत 20 टक्क्यांचं लक्ष्य ठरलं. मुलांची एकही जागा कमी झाली नाही, आणि प्रवेश मिळाले ते प्रवेशपरीक्षेत पात्र ठरलेल्या मुलींनाच. म्हणजे पात्र मुली होत्या. संस्थेची रचना त्यांना सामावून घेत नव्हती. तासिका तत्त्वावरच्या बाईला प्रसूतीकाळात सरासरी मानधन देणं, तिची खंडित सेवा अनुभव म्हणून सलग धरणं, बालसंगोपनाची रजा वडिलांनाही देणं, यांतल्या कशानेही निवडीची पातळी घसरत नाही. वडिलांच्या रजेचा मुद्दा मी मुद्दाम धरून आहे. सवलत फक्त बाईला दिली, तर निवड समिती तिच्याकडे पुढे रजेवर जाणारी उमेदवार म्हणूनच पाहते. खर्चाची अडचण सांगितली जाते, पण आज कित्येक महाविद्यालयांचे वर्ग याच अल्प मानधनावर चालतात. तो खर्च टळलेला नाही, या बायका तो आपल्या पदरचा भरत आहेत.