मोबाईलमधला बहुरूपी

‘एम्युलेटर’ हा शब्द मला सत्तरी ओलांडल्यावर कळला. कळला तेव्हा आमच्याकडे येणारे बहुरूपी आठवले. पोलिसाचा वेश घेऊन असे काही दरडावायचे की खरा हवालदार त्यांच्यापुढे पाणी भरेल! एम्युलेटरचं तेच. मोबाईल जुन्या संगणकाचं सोंग घेतो, आणि नुसता चेहरा नव्हे, जुनी चिप एकेका आज्ञेला कशी वागली असती तेही वठवतो. जुन्या प्रोग्रॅमला पत्ता लागत नाही की आपण परक्या घरी आहोत.

मला हवा होता बीबीसी मायक्रो. इंग्लंडच्या एकॉर्न कंपनीचं हे 1981 चं यंत्र. केंद्र सरकारनं 1984-85 मध्ये ‘क्लास’ प्रकल्प काढून 250 शाळांत संगणक शिकवायला सुरुवात केली ती यावरच. पुढे शाळा वाढल्या. मी तेव्हा जिल्ह्यातल्याच दुसऱ्या एका शाळेत होतो. मराठी माध्यमातून बी. ए. झालेला माणूस, पण “सर, तुम्हीच बघा” म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. मेमरी सगळी मिळून 32 किलोबाईट. त्यात रंगीत चित्र काढायचं म्हटलं की 20 किलोबाईट एकटा पडदाच खाऊन टाकायचा.

मॅट गॉडबोल्ट यांचं ‘जेएसबीब’ ब्राउझरमध्येच चालतं. नातवानं ते फोनवर लावून दिलं. काळा पडदा, वर काही ओळी, खाली एक खूण.
“आजोबा, अडकलं वाटतं.”
“अडकलं नाही रे, तू काय सांगतोस त्याची वाट बघतंय.”
फोनच्या पडद्यावर टाईप करणं म्हणजे डोकेदुखी, म्हणून ब्लूटूथचा सुटा कीबोर्ड जोडला आणि जुनी वही काढली. कॅसेटवर माझा कधीच भरवसा नव्हता, त्यामुळे मुलांचे चांगले प्रोग्रॅम मी वहीत उतरवून ठेवायचो.

त्यातला एक आमच्या पाथर्डीकडच्या मुलाचा. आईवडील दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, हा मामाकडे राहून शिकायचा. मुकादमाकडून घेतलेली उचल किती आणि टनाला दर किती, एवढं विचारून प्रोग्रॅम सांगायचा की उचल फिटायला किती टन ऊस तोडावा लागेल. यंत्राला देवनागरी येत नव्हती, म्हणून ‘उचल’सुद्धा इंग्रजी अक्षरांत. खरं तर एका भागाकारात उत्तर येतं. यानं मात्र एकेक टन वजा करत नेलंय, आणि दर टनानंतर एक रिकामी ओळ घातलीय. ती ओळ काही करत नाही, नुसती एकपासून हजारापर्यंत मोजते. तेवढा वेळ आकडा पडद्यावर थांबावा म्हणून.

आता गंमत बघा. फोनची चिप सेकंदाला अब्जावधी ठोके मारणारी. तिनं आपल्या वेगानं हे चालवलं असतं तर ती ओळ कुठल्या कुठे उडून गेली असती. पण चांगला एम्युलेटर वेगही जुनाच ठेवतो, सेकंदाला 20 लाख ठोके. म्हणून हजार मोजायला आजही जवळपास तेवढाच वेळ लागतो, सेकंदाहून थोडा कमी. मी मनानंच आकडे घातले, उचल 4000, दर 25. टन 1, बाकी 3975. टन 2, बाकी 3950... दोन मिनिटं उलटून गेली तेव्हा 160 व्या टनाला फिटली.

नातू म्हणाला, “ती रिकामी ओळ काढून टाका ना, लगेच होईल.”

नाही काढली. पोरानं ती मुद्दाम घातली होती. कोयता धरलेल्या माणसाला टन काही पटकन होत नाहीत, हे त्याला घरात बघून ठाऊक होतं.

पुढच्या दसऱ्यानंतर तो वर्गात दिसला नाही, टोळीबरोबर गेला असं कळलं. आता पन्नाशी ओलांडली असेल. त्याचं नाव इथे लिहीत नाही, पण बाबा रे, हे तुझ्या वाचनात आलं तर ओळखशील. वही माझ्याकडे जपून आहे. कधीही ये, चहा घेऊ, आणि तुझा प्रोग्रॅम तुझ्या फोनवर चालवून देतो.