वरचे कोण, खालचे कोण

तेलाच्या विहिरीवर येऊन पाणी मागणारं माणूस क्वचितच भेटतं. तिथं पाणी म्हणजे कटकट. तेलाबरोबर वर येतं, वेगळं काढावं लागतं, त्याची विल्हेवाट लावावी लागते. मेहसाण्याजवळच्या एका विहिरीवर निर्जंतुक बाटल्यांचं खोकं घेऊन मी पोचले, तेव्हा ड्युटीवरच्या ऑपरेटरकाकांनी विचारलंच, ‘‘बेन, तेल मूकीने पाणी लेवा आव्यां?’’ पण मला हवं होतं ते पाण्यातच होतं. भूगर्भातले जीवाणू तेलावर जगत असले, तरी राहतात खडकाच्या छिद्रांमधल्या पाण्यात. तेल आणि पाणी जिथं एकमेकांना टेकतात, त्या कडेला.

उत्तर गुजरातचा हा भाग म्हणजे एरंडाची शेतं, म्हशी आणि मधूनच मान खालीवर करणारे पंप. इथलं बरंच तेल जड आणि दाट आहे. जवळच्या बालोल, संथाल या क्षेत्रांत तर ते पातळ होऊन पुढं सरकावं म्हणून खाली हवा सोडून तेलाचा काही भाग जमिनीतच जाळतात. माझ्या विहिरीत असलं काही नव्हतं. सुमारे एक किलोमीटर खोली, सत्तर अंशांच्या आसपास तापमान, प्राणवायू नाही. पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी. करताना हा विषय मिळाला, तेव्हा घरच्यांना वाटलं मी तेल कंपनीत लागले. खरं तर या कामाची पुण्याला ओळख आहे. आघारकर संशोधन संस्थेत तेलविहिरींतल्या उष्णताप्रेमी जीवाणूंवर बरंच संशोधन झालेलं आहे.

नमुना घेणं म्हणजे नळ उघडून बाटली भरणं नव्हे. आधी रजिस्टर बघायचं: या विहिरीत जंतुनाशक किंवा गंजरोधक रसायन शेवटचं कधी सोडलं होतं? मग व्हॉल्व्ह उघडून बराच वेळ नुसतं वाहू द्यायचं, कारण पाइपात साचलेलं पाणी पाइपाची गोष्ट सांगतं, खडकाची नाही. येतं ते काळपट, फेसाळ मिश्रण. बाटली काठोकाठ भरायची, हवेला जागा ठेवायची नाही. कमरेला हायड्रोजन सल्फाइडचा डिटेक्टर. सडक्या अंड्याचा वास आला की घाबरायचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण प्रमाण फार वाढलं की नाकाला तो वास कळेनासाच होतो, म्हणून नाकापेक्षा डिटेक्टरवर विश्वास ठेवायचा, हे मला काकांनी सांगितलं.

एवढी सगळी काळजी एका जुन्या शंकेपायी. १९२६ साली शिकागो विद्यापीठातले भूशास्त्रज्ञ एडसन बॅस्टिन आणि त्यांचे सहकारी फ्रँक ग्रीअर यांनी तेलक्षेत्रांतल्या पाण्यात सल्फेटवर जगणारे जीवाणू सापडल्याचं जाहीर केलं. बॅस्टिन यांना भूशास्त्रज्ञाचंच कोडं पडलं होतं: या पाण्यात सल्फेट इतकं कमी का, आणि हायड्रोजन सल्फाइड येतो कुठून? उत्तर चोख होतं. पण लगेच प्रश्न आला, की हे जीव खालचे कशावरून? विहीर खणताना चिखल खाली जातो, पाणी जातं, लोखंड जातं, आणि या सगळ्याबरोबर वरचे जीवही जातात. पुढे १९९३ मध्ये कार्ल श्टेटर आणि सहकाऱ्यांनी उत्तर समुद्र आणि अलास्काच्या खोल साठ्यांमध्ये अतिउष्णताप्रेमी जीव दाखवले, तेव्हाही ते समुद्राच्या पाण्याबरोबर आत गेले असण्याची शक्यता त्यांनी खुली ठेवली. दाब टिकवायला समुद्राचं पाणी खाली सोडतात, आणि त्यात लिटरमागे अडीच ग्रॅमहून जास्त सल्फेट असतं. म्हणजे पाहुणेही आपलेच आणि शिधाही आपलाच. आमच्या विहिरीला समुद्र लांब होता, एवढी माझी सोय.

प्रयोगशाळेतलं काम हे मुख्यतः प्राणवायू हाकलण्याचं काम. माध्यम उकळायचं, त्यातून नायट्रोजन सोडायचा, जाड ब्यूटाइल रबराचं बूच, वर ॲल्युमिनियमची टोपी. आत थोडं रेझाझुरिन. ते गुलाबी राहिलं तर समजायचं, अजून प्राणवायू शिल्लक आहे. माझ्या सुरुवातीच्या दिवसांचा रंग गुलाबीच.

एकाच नमुन्याच्या बाटल्या मी सदतीस आणि सत्तर अशा दोन तापमानांना ठेवल्या. सदतीसच्या बाटल्या भराभर गढूळ झाल्या, काही काळ्याकुट्ट. लोह आणि सल्फाइडचा साका. शेजारच्या टेबलावरून अभिनंदन झालं. मार्गदर्शक मॅडमनी बाटली उजेडाकडे धरली आणि म्हणाल्या, ‘‘छान वाढलेत. आता मला सांग, सत्तर अंशांत राहणाऱ्याला सदतीस इतकं का आवडावं?’’ डीएनए वाचला तर त्यात स्युडोमोनास निघाला, जो माझ्या बेसिनच्या नळाजवळही निघाला असता. सत्तरच्या बाटल्या मात्र स्वच्छ, आठवड्यांमागून आठवडे तशाच. मी त्या फेकायच्या विचारात होते. मॅडमनी बूच न काढता सुईनं वरचा वायू ओढायला लावला. गॅस क्रोमॅटोग्राफवर मिथेनचं एक बुटकं शिखर आलं. पुढच्या महिन्यात ते वाढलं. त्या बाटलीतून थेंबभर काढून सदतीसला लावलं, तर काहीच वाढलं नाही. मला हवा होता तो पुरावा हा: वरच्या गारव्यात ज्याला वाढताच येत नाही, तो पाइपात वाढून आला असं म्हणणं कठीण.

ही संथ गती म्हणजे दोष नाही, हे मला वाचनातून समजलं. १९९९ मध्ये जर्मन संशोधकांनी हेक्झाडेकेन हा तेलातला घटक प्राणवायूविना मिथेनपर्यंत नेणारा जीवसमूह दाखवला. २००८ मध्ये न्यूकॅसलच्या गटानं जड तेलामागे हीच वाट असल्याचं मांडलं. हलके, चविष्ट घटक जीवाणूंनी खाल्ले, उरलं ते दाट. कॅनडातल्या अल्बर्टाचं जड तेल हे असं लाखो वर्षं चाललेल्या जेवणाचं उष्टं आहे. मात्र जो साठा कधीकाळी सुमारे ऐंशी अंशांवर तापला, तो नंतर थंड झाला तरी त्यातलं तेल बहुधा शाबूत राहतं. आतले जीव मेलेले असतात. याला शास्त्रज्ञ साठ्याचं पाश्चरीकरण म्हणतात. दूधसागर डेअरीच्या गावात हे काकांना समजवायला अर्धं वाक्य पुरलं.

मग चाचणी आली. आम्ही वाढवलेले जीव, उसाची मळी आणि क्षार विहिरीत सोडायचे, काही आठवडे विहीर बंद ठेवायची. जीव वायू, आम्लं आणि साबणासारखे पदार्थ तयार करतात. खडकाला चिकटलेलं तेल सुटावं, ही आशा. अनेक साठ्यांतलं निम्म्याहून अधिक तेल खालीच अडकून राहतं, त्यामुळे ही आशा कंपन्यांना परवडते. विहीर उघडली, तेल वाढलं, पेढे वाटले गेले.

मला पेढा गिळवेना. नुसती विहीर बंद ठेवली तरी आत दाब साठतो आणि उघडल्यावर काही दिवस जास्त तेल येतं. मी अभियंत्यांना म्हटलं, तेवढेच आठवडे काहीही न सोडता विहीर बंद ठेवून बघू या. ते हसले. ‘‘मॅडम, उत्पादन थांबवायचं आणि खाली घालायचंही काही नाही? वर काय सांगू?’’

परवानगी मिळाली नाही. पण काकांनी कपाटातून जुनी रजिस्टरं काढली. पंप दुरुस्तीसाठी हीच विहीर पूर्वी कधी बंद होती, पुन्हा सुरू झाल्यावर रोज किती तेल, किती पाणी आलं, सगळं हातानं लिहिलेलं. त्या वेळी वाढलेलं तेल थोड्याच दिवसांत पूर्वपदावर आलं होतं. आमच्या वेळी ते हळूहळू उतरत गेलं आणि पाण्याचं प्रमाणही जास्त काळ कमी राहिलं. जुनी वाढ वजा केली तेव्हा हाती काहीतरी उरलं. पेढ्यांच्या मानानं कमी. प्रबंधात मी वजाबाकीनंतरचाच आकडा दिला. मौखिक परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी त्याविषयी काही विचारलं नाही. त्यांचा सगळा वेळ, ती रजिस्टरं मला दाखवायला कोणाची लेखी परवानगी होती, यातच गेला.