भिंतीवरची गोष्ट

शिक्षकानें विद्यार्थ्यांस शिकवावें, ही जगाची रीत आहे. परंतु वीस वर्षें हा व्यवसाय केल्यावर आम्हांस असें दिसून आलें आहे कीं, पुष्कळदां हा व्यवहार उलट दिशेनेंहि होतो. असाच एक प्रसंग येथें सांगावयाचा आहे. त्यांत आमची फारशी शोभा नाहीं; पण मुलांना त्यांच्या चुका रोज दाखविणाऱ्यानें आपली एखादी चूक झांकून ठेवणें बरें नव्हे.

प्रसंग सुमारें पंधरा वर्षांपूर्वींचा. इयत्ता आठवीच्या वर्गास आम्हीं 'पावनखिंड' या विषयावर निबंध लिहावयास सांगितला होता. एका वहींत चार ओळींपलीकडे कांहीं नव्हतें. मात्र मागील पानावर एक मोठें चित्र रंगविलेलें होतें, आणि त्याखालीं सिनेमाच्या जाहिरातीप्रमाणें जाड अक्षरांत 'पावनखिंड' असें लिहिलें होतें. रंगाच्या तेलाचा डाग आणखी चार पानांवर उतरला होता. आम्हांस राग आला. सर्व वर्गासमोर आम्हीं तें पान फाडलें, 'सिनेमाच्या नादानें पोट भरत नाहीं' असें त्या मुलास सुनावलें, आणि वडिलांना घेऊन येण्यास सांगितलें.

दुसऱ्या दिवशीं वडील आले. त्यांच्या नखांत रंग होता. पूर्वीं ते चित्रपटगृहांवरचे मोठमोठे फलक रंगवीत. यंत्रावर छापलेले फ्लेक्स आल्यावर तो धंदा बसला, आणि आतां दुकानांच्या पाट्या व गाड्यांचे नंबर रंगवून ते संसार चालवीत होते. मुलानें ब्रश हातीं धरूं नये, अशी त्यांचीहि इच्छा होती. मान खालीं घालून ते म्हणाले, "मी समज देतो त्याला, सर." आम्हीं तें फाटकें पान त्यांच्यापुढें ठेविलें. त्यांनीं दोन्ही तुकडे जुळविले आणि बराच वेळ ते कांहीं बोललेच नाहींत.

चित्र असें होतें: दोन्ही बाजूंस काळे कडे, मध्यें अरुंद वाट, वर पाऊस. खालच्या कडेनें शत्रूच्या भाल्यांचीं फक्त टोकें दिसत होतीं. त्यांच्यासमोर बाजीप्रभु, दोन्ही हातांत तरवारी. पण मान किंचित् मागें वळलेली, जणूं त्यांना कांहीं ऐकावयाचें आहे. आणि अगदीं दूर, नखाएवढा विशाळगड.

चूक सांपडल्याच्या समाधानानें आम्ही म्हणालों, "गडावरच्या तोफेचा धूर काढावयास तो विसरला आहे."

वडिलांनीं प्रथमच मान वर केली. "विसरला नाही, सर. धूर दाखवला की गोष्ट संपली. मग तिकीट कोण काढणार? तोफ कधी होतीया, ह्यातच बघणाऱ्याचा जीव अडकला पाहिजे."

नंतर त्या गृहस्थांनीं उभ्या उभ्या आम्हांस जो धडा दिला, तो आम्हांस कोणत्याहि कॉलेजांत मिळाला नव्हता. ते म्हणाले, रस्त्यानें जाणारा माणूस थांबत नाहीं. सायकलवरून मान वळवील तेवढ्या वेळांत त्याला दोन गोष्टी कळल्या पाहिजेत: खेळ कोणत्या जातीचा, आणि त्यांत कोणावर काय वेळ आली आहे. पहिली गोष्ट रंग, मांडणी व अक्षरें सांगतात. पौराणिक खेळांत देव मध्यभागीं, आपल्याकडे तोंड करून, मागें तेजोवलय. मारामारीच्या खेळांत आकृति तिरप्या आणि तांबडा रंग सढळ. विनोदी खेळांत लहान धडावर मोठें डोकें. भयपटाचीं अक्षरें ओघळलेलीं. कौटुंबिक खेळांत चेहरेच चेहरे. कोण कोणाकडे पाहतो आणि कोण नजर चुकवितो, एवढ्यावरून घरांतील कलह उमजतो. दुसरी गोष्ट मात्र एकाच क्षणांत सांगावी लागते, आणि तो क्षण निकाल लागण्याच्या अगोदरचा असावा लागतो.

ही विद्या आमच्या कोल्हापुरास नवी नाहीं. महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) हे चित्रपट काढीत, तसेंच भित्तिपत्रकेंहि रंगवीत. त्यांच्या १९२४ सालच्या 'कल्याण खजिना'चें भित्तिपत्रक आज शिल्लक असलेल्या भारतीय चित्रपटांच्या भित्तिपत्रकांत सर्वांत जुनें मानलें जातें. तो काळ मूकपटांचा. पडद्यावर मजकुराच्या पाट्या येत, पण प्रेक्षकांतील पुष्कळांस अक्षरओळख नव्हती. त्यांच्याशीं भिंतीवरचें चित्रच बोले. पुढें १९५७ सालीं 'मदर इंडिया' आला. त्याच्या प्रसिद्ध भित्तिपत्रकावर नर्गिस एकटी लांकडी नांगराचा भार वाहते आहे. बैल कोठें गेले? घरधनी कोठें आहे? हे प्रश्न मनांत उभे राहिले, कीं पाहणाराचीं पावलें तिकिटाच्या खिडकीकडे वळलींच.

आम्हीं मुलास बोलावणें पाठविलें. वडिलांनीं त्याला एवढेंच विचारलें, "रंग कुठनं आणलास?"

"माळ्यावरच्या तुमच्या डब्यांतनं."

"अजून वाळले नाहीत व्हय ते?" असें म्हणून ते खिडकीबाहेर पाहत राहिले.

ज्या वर्गासमोर पान फाडलें, त्याच वर्गासमोर तें डिंकानें जोडून परत करणें व क्षमा मागणें आम्हांस प्राप्त होतें. तसें आम्हीं केलें. तो मुलगा पुढें चित्रकार झाला नाहीं. आज तो विजेचीं कामें करतो आणि आपल्या वृद्ध वडिलांना सांभाळतो. परंतु तेव्हांपासून प्रत्येक वर्षीं आमच्या वर्गांत निबंधापूर्वीं त्या धड्याचें भित्तिपत्रक काढण्याची वहिवाट पडली आहे. चित्र चांगलें कीं वाईट, हें आम्ही पाहत नाहीं. दोनच प्रश्न विचारतों: कोणता क्षण निवडलास? आणि काय दाखविलें नाहींस? ज्याला या दोहोंचें उत्तर देतां येतें, त्याला धडा समजला, असें आम्ही धरून चालतों. आणि त्याचा निबंधहि सहसा चार ओळींवर थांबत नाहीं.

पालकहो, आपल्या मुलांच्या वह्यांचीं मागचीं पानें आपल्याहि दृष्टीस पडत असतील. तीं फाडण्यापूर्वीं एकदां वाचून पाहावीं, एवढीच आमची विनंति आहे.