कापसाच्या मैदानावरची बाग : हॉर्निमन सर्कल

मुंबईच्या हार्बर मार्गावर कॉटन ग्रीन नावाचे स्थानक आहे. तेथे उतरणाऱ्या प्रवाशास हिरवळीचे चिन्ह सहसा आढळत नाही. आढळतात त्या गोदामे, वखारी आणि जुन्या कापूस बाजाराची भव्य इमारत. मग नावात 'ग्रीन' आले कोठून? त्याचे उत्तर स्थानकाच्या आसपास नाही. ते तेथून कित्येक मैल दक्षिणेस, फोर्टमधील एका लहानशा गोलाकार बागेत आहे. कापसाचा बाजार त्या जागेवरून उठला आणि जाताना तिचे नावही बरोबर घेऊन गेला. आधी तो कुलाब्यास गेला आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिवडीस येऊन स्थिरावला. मागे राहिलेल्या जागेचे पुढे जे झाले, ती हॉर्निमन सर्कल उद्यानाची कथा होय.

किल्ल्याच्या तटबंदीच्या आत, सेंट थॉमस चर्चच्या समोर पंधरा एकरांचे एक मोकळे मैदान होते. इंग्रज त्यास 'बॉम्बे ग्रीन' म्हणत. हे चर्च १७१८ साली प्रार्थनेसाठी खुले झाले. किल्ल्याच्या पश्चिमेकडील दरवाजास 'चर्चगेट' हे नाव याच चर्चमुळे पडले. मुंबईचे मैलाचे दगडही येथूनच मोजले जात. म्हणजे शहराचे शून्य येथे होते, आणि शहराचा व्यापारही येथेच होता. गुजरात-काठेवाडच्या किनाऱ्यावरून गलबतांनी येणारा कापूस बंदरावर उतरे. त्याच्या गासड्यांचे ढीग या मैदानावर रचले जात. येथेच सौदे होत आणि येथूनच माल चीन व विलायतेस जाणाऱ्या जहाजांवर चढे. १८०३ च्या फेब्रुवारीत किल्ल्यातील वस्तीचा मोठा भाग आगीत भस्मसात झाला होता. त्यानंतरही ज्वालाग्राही मालाचे हे डोंगर वस्तीच्या ऐन मध्यावर पुढील चाळीस वर्षे उभे राहिले, यावरून कापसाचे वजन किती होते ते कळते.

मैदानाच्या पूर्वेस १८३३ साली टाऊन हॉल पूर्ण झाला. एशियाटिक सोसायटीची तीस पायऱ्यांची शुभ्र इमारत ती हीच. तिच्या खर्चाचा काही भाग लॉटरी काढून जमविण्यात आला होता आणि उरलेला भार सरकारने उचलला. मैदानावर लॉर्ड कॉर्नवॉलिसचा संगमरवरी पुतळा होता. शहरातले भाविक लोक त्यास देव समजून फुले वाहू लागले. सरकारला हे रुचले नाही, पण लोकांची पूजा चालूच राहिली. तो पुतळा आज भायखळ्यास, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात, इतर निवृत्त साहेबांच्या पंक्तीत बसला आहे.

१८४४ साली कापसाचा बाजार कुलाब्यास हलविण्यात आला. बाजार गेल्यावर मैदानाचे महत्त्व गेले आणि राखणही गेली. नारळाच्या करवंट्या, झावळ्या आणि शहरातला केरकचरा येथे येऊन पडू लागला. एकीकडे ग्रीक मंदिरासारखा टाऊन हॉल, दुसरीकडे चर्च आणि मध्ये उकिरडा, असे दृश्य पुढे बरीच वर्षे होते.

तरीही व्यापाराने ही जागा पूर्णपणे सोडली नव्हती. टाऊन हॉलसमोर वडाची झाडे होती. १८५० च्या दशकात शेअर-रोख्यांचे मोजके दलाल त्या झाडांखाली जमू लागले. ना कचेरी, ना फलक, ना घंटा. सौदा तोंडी, आणि तारण म्हणजे माणसाचा शब्द. पुढे ही मंडळी दुसऱ्या एका वडाखाली, मेडोज स्ट्रीटच्या टोकाशी गेली. १८७४ साली त्यांना आज दलाल स्ट्रीट म्हणून ओळखला जाणारा रस्ता सापडला आणि १८७५ साली त्यांची रीतसर संस्था झाली. मुंबई शेअर बाजाराची वंशावळ अशी या उकिरड्याच्या कडेला उगम पावते.

उकिरड्याची बाग करावी ही कल्पना चार्ल्स फोर्जेट याची. हा मुंबईच्या पोलीस खात्याचा प्रमुख होता. जन्म हिंदुस्थानातला, देशी भाषा सफाईने बोलणारा आणि वेषांतर करून शहरात हिंडणारा असा त्याचा लौकिक होता. १८५७ साली मुंबईतील पलटणींमध्ये शिजत असलेला उठाव त्यानेच हेरला. त्यानंतर सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोघांना १५ ऑक्टोबर १८५७ रोजी एस्प्लनेडवर तोफेच्या तोंडी देण्यात आले. या बागेच्या इतिहासात ही नोंद सोयीस्करपणे गाळली जाते; ती गाळू नये. फोर्जेटबद्दल मुंबईच्या व्यापाऱ्यांचे मत मात्र त्या काळी निराळे होते. शहरात लूटमार झाली नाही, पेढ्या शाबूत राहिल्या, याचे श्रेय ते त्यास देत. निवृत्तीनंतर कापसाच्या व्यापाऱ्यांनी त्यास थैली पाठविली. ताडदेव भागातील फोर्जेट स्ट्रीटला त्याचेच नाव आहे.

फोर्जेटची योजना अशी होती : मैदानाच्या मध्यभागी गोल बाग करावी, तिच्याभोवती रस्ता न्यावा आणि रस्त्याच्या पलीकडे वर्तुळाकार, एकसारख्या दर्शनी भागाच्या इमारती उभ्या कराव्यात. गव्हर्नर लॉर्ड एलफिन्स्टन यांस ती पसंत पडली. १८६२ साली गव्हर्नर झालेल्या सर बार्टल फ्रिअर यांनी ती पुढे रेटली. फ्रिअर यांनी त्याच सुमारास किल्ल्याची तटबंदी पाडण्याचे कामही हाती घेतले होते. कोंडलेल्या शहराला श्वास घेता यावा, हा दोन्ही कामांमागचा एकच विचार.

पण पैसा कोठून यावयाचा? या प्रश्नाचे उत्तर हिशेबाच्या दृष्टीने मोठे शिकण्यासारखे आहे. नगरपालिकेने सगळी जागा ताब्यात घेतली, बाहेरच्या वर्तुळाचे भूखंड पाडले आणि ते विकले. घेणाऱ्या मुख्यतः इंग्रज व्यापारी पेढ्या होत्या. नगरपालिकेला या व्यवहारात चांगला नफा झाला. मध्यभागी मोकळी जागा राहणार आहे, या खात्रीमुळे भोवतीच्या भूखंडांची किंमत वाढली. आणि भूखंड विकले गेले म्हणून मोकळी जागा मोकळी ठेवणे परवडले. इमारतींची उंची, कमानी, तळमजल्यावरील झाकलेला पदपथ यांविषयी घेणाऱ्यांना बंधने होती. तीही त्यांनी निमूट पाळली. ज्याला बंधनात फायदा दिसतो, तो बंधनाबद्दल सहसा तक्रार करीत नाही.

भूखंडांना असा भाव येण्याचे आणखी एक कारण होते. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील संस्थानांचा कापूस अडला आणि लँकशायरच्या गिरण्यांनी मुंबईकडे तोंड वळविले. कापसाचे भाव कित्येक पट झाले आणि शहरात पैशाचा पूर आला. बँका, वित्त-कंपन्या, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या पावसाळ्यातल्या छत्र्यांप्रमाणे उगवल्या. बॅक बे रिक्लमेशन कंपनीच्या पाच हजार रुपयांच्या शेअरला पन्नास हजारांच्या आसपास भाव आला. या तेजीच्या केंद्रस्थानी जे नाव होते ते शेठ प्रेमचंद रायचंद यांचे. सुरतेच्या जैन कुटुंबात १८३१ साली जन्मलेल्या या गृहस्थाच्या एका शब्दावर कंपन्या उभ्या राहत.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध संपले. कापसाचे भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ रोजी वायद्यांच्या पूर्ततेचा दिवस उजाडला तेव्हा पैसे देण्यास कोणीच उरले नव्हते. बँक ऑफ बॉम्बेही यात सापडली. १८६३ च्या कायद्याने शेअर तारण ठेवून कर्ज देण्यावरची बंधने सैल केली होती. त्या सैलपणाचा उपयोग इतका झाला की १८६८ साली बँक गुंडाळावी लागली आणि त्याच नावाची नवी बँक काढावी लागली. ही नवी बँक १९२१ साली इंपीरियल बँकेत आणि १९५५ साली स्टेट बँकेत मिळाली. प्रेमचंद शेठही धुळीस मिळाले. मात्र तेजीच्या दिवसांत त्यांनी मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी आणि मनोऱ्यासाठी दिलेले दोन-दोन लाख रुपये दिलेलेच राहिले. १८७८ साली पूर्ण झालेला राजाबाई टॉवर त्यांच्या मातोश्रींच्या नावाने उभा आहे. दृष्टी गेलेल्या मातोश्रींना सूर्यास्तापूर्वीचे भोजन चुकू नये म्हणून घड्याळाचे टोले, अशी कथा घराघरांत सांगितली जाते. सर्कलपासून तो मनोरा पायी पंधरा-वीस मिनिटांवर आहे.

आता बागेकडे वळावे. तिची लागवड सुरू झाली ती १८६९ साली आणि पूर्ण झाली १८७२ साली. या तारखा लक्षपूर्वक पाहिल्या पाहिजेत. भूखंडांच्या गोष्टी तेजीतल्या आहेत, पण झाडे लागली ती मंदीत. शहरातील किती तरी घरे बुडाली होती. बॅक बेची स्वप्ने समुद्रातच राहिली होती. नगरपालिकेची स्थिती तर अशी की, खर्चिक कारभाराबद्दल करदात्यांनी आरडाओरड केली, १८७१ साली आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांस जावे लागले आणि १८७२ साली नवा नगरपालिका कायदा झाला. अशा काळात मधली रिकामी जागाही विकायला काढली असती तर कोणास फारसे नवल वाटले नसते. अर्थात जमिनीचे भाव पडले होते, तेव्हा विकूनही हाती कितीसे आले असते, असे कोणी म्हणू शकेल. पण कडेचे भूखंड घेणाऱ्या पेढ्यांनी पैसे मोजले होते ते मध्यभागी बाग होणार म्हणूनच. तो शब्द मोडणे म्हणजे गिऱ्हाईकाला दाखवलेला नमुना एक आणि दिलेला माल दुसरा, असे झाले असते. कारण कोणतेही असो, वाटा आखल्या गेल्या, झाडे लागली आणि मध्ये कारंजे बसले. ज्याची ही कल्पना होती तो फोर्जेट तोवर निवृत्त होऊन विलायतेस गेला होता.

नाव ठेवले एलफिन्स्टन सर्कल. येथे अनेकांचा घोटाळा होतो. एलफिन्स्टन कॉलेज ज्यांच्या नावाचे ते माउंटस्टुअर्ट एलफिन्स्टन. सर्कल आणि पूर्वीचे एलफिन्स्टन रोड स्थानक त्यांच्या पुतण्याच्या, लॉर्ड जॉन यांच्या नावाचे. संध्याकाळी येथे बँड वाजे आणि पारशी कुटुंबे हवा खाण्यास जमत. भोवतीच्या इमारतींत पेढ्या, विमा कंपन्या आणि बँका आल्या. १८२२ साली फर्दुनजी मर्झबान यांनी सुरू केलेले आणि आजही निघणारे 'मुंबई समाचार' याच वर्तुळात आले. कापडाचे, सोन्या-चांदीचे आणि शेअरांचे भाव त्यात पाहून दिवसाची सुरुवात करणारी घरे कमी नाहीत.

स्वातंत्र्यानंतर गव्हर्नराचे नाव गेले आणि आले ते बेंजामिन गाय हॉर्निमन यांचे. गेला तोही इंग्रज आणि आला तोही इंग्रज, पण दोघांत अंतर केवढे! १९१३ साली सर फिरोजशहा मेहता यांनी काढलेल्या 'बॉम्बे क्रॉनिकल'चे हे पहिले संपादक. रौलट कायद्याविरुद्ध गांधीजींनी स्थापन केलेल्या सत्याग्रह सभेचे ते उपाध्यक्ष होते. पंजाबातील अत्याचारांवर त्यांचे पत्र गप्प बसत नाही, असे पाहून सरकारने एप्रिल १९१९ मध्ये त्यांस हद्दपार केले. १९२६ साली ते परत आले आणि १९४८ साली येथेच वारले. सत्तावनचा उठाव दाबणाऱ्याने आखलेल्या बागेस स्वातंत्र्याची बाजू घेणाऱ्याचे नाव मिळाले.

आज बागेचे क्षेत्रफळ १२,०८१ चौरस वार आहे, म्हणजे सुमारे अडीच एकर. मूळच्या पंधरा एकरांचा हा सहावा हिस्सा. तेवढाच उरला असे म्हणता येते, आणि तेवढा उरला असेही म्हणता येते. जुने कारंजे गेले. वर्तुळाच्या एका अंगास रिझर्व्ह बँक, जवळच स्टेट बँकेची मुख्य शाखा, दुसऱ्या अंगास टाऊन हॉल आणि समोर चर्च. १९९५ च्या वारसा नियमावलीने भोवतीच्या इमारतींना संरक्षण दिले. २०१२ साली त्यांतल्या एलफिन्स्टन बिल्डिंगमध्ये एका अमेरिकन कंपनीने भारतातले आपले पहिले कॉफीचे दुकान थाटले. ज्या देशातील युद्धामुळे या वर्तुळाला भाव आला, त्या देशाचा माल दीडशे वर्षांनी असा येथे विक्रीस आला, ही एक गंमतच. हिवाळ्यात बागेत संगीताचे कार्यक्रम होतात.

पाहावयास जाणाऱ्याने चर्चगेट किंवा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरून पायी जावे. दोन्हीकडून अंतर थोडेच आहे. कामाच्या दिवशी, दुपारी एकच्या सुमारास जावे. आधी एशियाटिकच्या पायऱ्या चढून वळून पाहावे, म्हणजे वर्तुळाची आखणी एका दृष्टीत येते. मग कमानींखालच्या पदपथाने एक फेरी घालून बागेत शिरावे. त्या वेळी झाडांखाली भोवतीच्या कचेऱ्यांतील माणसे विसावा घेत असतात. कोणी डबा उघडतो, कोणी वर्तमानपत्राची घडी डोक्याखाली घेऊन पंधरा मिनिटे डोळे मिटतो, तर कोणी भ्रमणध्वनीवर हळू आवाजात भाव विचारीत असतो.