ताप नसलेला आजार
सर्दीत आवाज बसतो तो स्वरतंतूंना सूज आल्यामुळे. बोलताना पुरुषांचे स्वरतंतू सेकंदाला १००-१२० वेळा, स्त्रियांचे २००च्या आसपास कंप पावतात. सुजलेले तंतू जड होतात, नीट मिटत नाहीत. म्हणून आवाज खाली उतरतो, घोगरा होतो, मध्येच फाटतो.

सर्दी विषाणूंची असल्याने अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. गुळण्या, ज्येष्ठमध, खडीसाखर यांनी घशाला बरे वाटते. पण गिळलेले सारे अन्ननलिकेत जाते, स्वरतंतूंना लागत नाही. भरपूर पाणी प्यावे ते अंगातला ओलावा टिकावा म्हणून. वाफ मात्र श्वासावाटे थेट पोचते. सर्दीच्या काही गोळ्यांनी नाकाबरोबर घसाही कोरडा पडतो. खाकरले की तंतू एकमेकांवर आपटतात. त्याऐवजी घोटभर पाणी प्यावे.

मुख्य उपाय म्हणजे न बोलणे, आणि शिक्षकाला तेवढेच मिळत नाही. प्रस्तुत लेखिकेने आवाज पार बसल्यावर एका दिवसाची रजा मागितली. ताप आहे का, अशी विचारणा झाली. नव्हता. मग रजा कशाला? पाय मुरगळलेल्या सहकाऱ्याला त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरचे वर्ग मिळाले होते. पण सूज दिसत होती ती पायाची. रजेऐवजी सल्ला मिळाला : "मॅडम, कुजबुजून शिकवा." साठेक मुलांच्या वर्गात, डोक्यावर पंखे घरघरत असताना, शेवटच्या बाकापर्यंत कुजबुज पोचवायची तर गळा आवळावाच लागतो. अशा कुजबुजीपेक्षा साधे हळू बोलणे बरे, हे सल्ला देणाऱ्याच्या गावीही नव्हते. थर्मामीटरवर दिसत नाही ते दुखणेच नाही, हा न्याय आजही पटत नाही. दिवसभर बोलून पोट भरणाऱ्यांसाठी बसलेला आवाज हे रजेचे रीतसर कारण असायला हवे. निदान मोठ्या वर्गांत माइक तरी द्यावा.

तरी त्या दिवशी फळ्यावर लिहून, मुलांकडूनच मोठ्याने वाचून घेतलेला व्याकरणाचा तास एरवीपेक्षा चांगला झाला. आवाजावाचून वर्ग अडतो, हे लेखिकेचे म्हणणे त्यामुळे जरा लंगडे पडते.

सर्दीने बसलेला आवाज बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत मोकळा होतो. तोवर ओरडणे, वरच्या पट्टीत गाणे टाळावे. घोगरेपणा तीन-चार आठवड्यांनंतरही राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र तपासून घ्यावे. श्वासाला त्रास झाला किंवा थुंकीत रक्त दिसले, तर लगेच.