बाबांचा पीसी आणि तेरावा चॅनेल

तर झालं असं की, शुक्रवारी रात्री पुण्याहून वाईला घरी पोचलो, अजून बूटसुद्धा काढले नव्हते आणि बाबांनी विचारलं, "ते वायफाय सगळ्यांच्या मोबाइलला येतं, मग माझ्या कॉम्प्युटरलाच का येत नाही?"

बाबांचा कॉम्प्युटर म्हणजे २००६ साली, मी चौथीत असताना घेतलेला पेंटियम फोर. ५१२ एमबी रॅम, ४० जीबीची डिस्क, विंडोज एक्सपी. "आता टाका हो ते धूड" हे मी गेली पाच-सहा वर्षं दर दिवाळीला म्हणतो. पण त्याच्यात आजीच्या ओव्या आहेत. जात्यावरच्या. आजी २०१० मध्ये गेली, त्याआधीची दोन-तीन वर्षं रोज संध्याकाळी ती सांगायची आणि बाबा टाइप करायचे. चारशेच्या वर आहेत. मूळ वही नंतर माळ्यावर वाळवीने खाल्ली, त्यामुळे जे काय उरलंय ते त्या धुडातच.

"पेनड्राइव्हवर घेऊन देतो की," मी म्हणालो.

"घेतल्या होत्या मागे. दुसरीकडे उघडल्या की नुसती भुतं दिसतात. आणि मला इथे बसून टाइप करायचंय आणि इथूनच ताईला पाठवायचंय."

भुतं दिसतात कारण तो मजकूर युनिकोडमध्ये नाही, जुन्या फॉन्टमध्ये आहे. म्हणजे आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, फॉन्ट फक्त त्यांना मराठी मुखवटा चढवतो. फॉन्ट नाही तर मराठी नाही. पण हा प्रश्न नंतरचा. आधी वायफाय. (हा क्रम चुकला होता. कळेलच पुढे.)

शनिवारी सकाळी बाजारातून यूएसबीचा वायफाय अ‍ॅडाप्टर आणला. खोक्यावर एक्सपी चालेल असं छापलेला शोधायला तीन दुकानं झाली. लावला, ड्रायव्हर टाकला, आणि यादीत शेजाऱ्यांची चार नेटवर्क्स दिसली. आमचं सोडून!

आता आमच्या नेटवर्कचं नाव मी हौसेने देवनागरीत ठेवलं होतं. नावाला ३२ बाइट्सची मर्यादा असते आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट्स खातं, म्हणजे काना-मात्रा धरून जेमतेम दहा चिन्हं. मी आपलं दहात बसवलं होतं, फार अभिमान होता त्याचा :) वाटलं एक्सपी त्यालाच बुजलं असेल. साधं इंग्रजी नाव दिलं. तरी नाही.

मग दोन तास घातल्यावर लक्षात आलं. अ‍ॅडाप्टरला फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतं, ते ठीक, राउटर तेही देतो. पण राउटरने आपल्या मनाने चॅनेल निवडला होता तेरावा. आपल्याकडे तेराव्यापर्यंत चालतं, अमेरिकेत घरगुती उपकरणं सहसा अकराव्याला थांबतात, आणि आमचा अ‍ॅडाप्टर मनाने अमेरिकन निघाला. त्याच्या लेखी तेरावा चॅनेल अस्तित्वातच नव्हता. सहावर आणला आणि नाव दिसलं.

दिसलं, पण जोडेना. एक्सपी होतं सर्व्हिस पॅक २ चं, आणि डब्ल्यूपीए२ मुळात आलं ते पॅक ३ मध्ये, २००८ साली (पॅक २ साठी वेगळं अपडेट होतं, ते कोण टाकतंय). लॅपटॉपवर तीनशे एमबीची फाइल उतरवली, पेनड्राइव्हने नेली, कॉपीला लावली. आणि डिस्कमधून आवाज आला. टक. टक. टक.

ज्याने हा आवाज ऐकलाय त्याला पुढचं सांगायला नको. दिवसभर बॅकअप, रिडंडन्सी वगैरे शब्द क्लायंटला ऐकवणारा मी, सकाळपासून मरायला टेकलेल्या डिस्कवर चॅनेल-चॅनेल खेळत होतो आणि ओव्यांची एकही ताजी प्रत काढली नव्हती. दहा मिनिटांचं काम. बाबा मागे उभे होते. काही बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

सगळं थांबवून आधी ओव्यांचा फोल्डर पेनड्राइव्हवर ओढला. बावीस फायलींपैकी एकवीस आल्या. बाविसावी अर्ध्यात अडकली, 'सायक्लिक रिडंडन्सी चेक'. लॅपटॉपवर लिनक्सची पेनड्राइव्ह बनवली, पण त्या बोर्डाला यूएसबीवरून बूट होताच येत नव्हतं, मग सीडी शोधा, सीडी लिहिणारा ड्राइव्ह शोधा... रात्री दीडपर्यंत डीडीरेस्क्यू चालवून त्या फायलीचा वरचा भाग मिळाला. शेवटच्या एकतीस ओव्या गेल्या त्या गेल्याच.

रविवारी बाकीचं भराभर झालं. पॅक ३ टाकला, राउटरला डब्ल्यूपीए३ सोडून साधं डब्ल्यूपीए२ ठेवलं. मधली भिंत दगडी, म्हणून अ‍ॅडाप्टर लांब वायरने वर नेऊन कोनाड्यात ठेवला, जिथे आजी दिवा लावायची. एक दांडीवरून तीन दांड्या. दरवेळी घड्याळ २००२ मध्ये जात होतं, त्याला मदरबोर्डवरचा चपटा सेल बदलला.

एक्सपीला इंटरनेटवर मात्र सोडलं नाही. त्याचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपलाय, आणि त्यातल्या ब्राउझरला आजच्या बहुतेक साइट्स दारातही उभ्या करत नाहीत. फोल्डर शेअर करायला गेलो तर तिथेही घोळ, एक्सपीला एसएमबी१ येतं आणि नव्या विंडोजमध्ये ते मुळात बंद असतं. शेवटी राउटरच्या मागच्या यूएसबी खाचेत पेनड्राइव्ह खोचला, एफटीपी सुरू केलं. एक्सपीच्या डेस्कटॉपवर एक शॉर्टकट, नाव 'आजी'. बाबा त्यात फाइल टाकतात, माझ्या लॅपटॉपवरची छोटी स्क्रिप्ट ती युनिकोडमध्ये बदलते. पहिली वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये अक्षराच्या आधी येते, तिला उचलून मागे नेण्यात दुपार गेली, ते असो.

संध्याकाळी बाबांनी सोलापूरला आत्याला फोन लावून स्पीकरवर ठेवला. आत्या पंच्याहत्तरची. "ताई, शेवटच्या वहीतल्या कुठल्या आठवतायत?"

"अरे, आठवून नाही यायच्या त्या. थांब, म्हणून बघते."

आणि ती म्हणायला लागली. अडली की बाबा पुढचा शब्द सुचवत, ती "तसं नव्हे रे" म्हणून परत पहिल्यापासून. बाबा दोन बोटांनी टाइप करत होते. सव्वानऊपर्यंत सतरा झाल्या. मी पुढच्या खोलीत बसलो होतो, फोल्डरमध्ये फाइल आली की मोबाइलवर आत्याला पाठवत होतो. तिसरीनंतर तिचा निरोप आला, "आता नीट दिसतंय, पण एक शब्द चुकलाय, बाबाला सांग."

डिस्क बदलायची आहे. आयडीईची कुणाकडे धड अवस्थेत पडून असेल तर कळवा.